बलजीत इथेच बसेल

३१ ऑक्टोबर १९८४, बुधवार

सकाळ गोधड्या उन्हात टाकण्यात गेली. शनिवारी आमच्या अड्याळची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. पाहुणे येतील, दिवसा दंडारीची सोंगं-नाच, मग नाटक. नलिनीला म्हटलं, चिवडा आजच करून टाक. सून 'हो आई' म्हणाली आणि रेडिओपाशी जाऊन उभी राहिली. ती रेडिओपाशी उभी राहिली की कढईतलं जळतं, म्हणून रागवायला गेले. तिचा चेहरा पाहून थांबले.

पंतप्रधानांवर गोळ्या झाडल्या. त्यांच्याच घरी, सकाळी.

दुपारभर कोणी म्हणे जखमी, कोणी म्हणे गेल्या. रेडिओवर नुसती सारंगी. हे मिलवरून लवकर आले, न जेवता आरामखुर्चीत बसले. सं. रेडिओने सांगितलं, गेल्या.

मग सगळं गाव आमच्या बैठकीत. टी.व्ही. आमच्याकडेच आहे. मुलगा वसंता नागपूरला नोकरीला, त्याने गेल्या वर्षी आणला, बांबूवर अँटेना चढवली, तरी पडद्यावर मुंग्याच जास्त. माझे नियम ठरलेले: चपला बाहेर, बिडी बाहेर, बडबड बाहेर. आज सांगावे लागले नाहीत.

आणीबाणीपासून मी या बाईवर रागावलेली होते. यांच्याशी भांडून मत विरुद्ध दिलं होतं. आज पडद्यावर तिचा फोटो दिसला आणि पदराने डोळे पुसले. स्वतःचाच राग आला.

बलजीत नेहमीसारखी दाराजवळ बसली होती, मांडीला टेकून लेक पम्मी. बलजीत म्हणजे करतारसिंगची बायको. करतार गावात मेकॅनिक म्हणून आला त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. आता गॅरेज आहे, स्वतःचा ट्रक आहे. सोमवारी आमच्याच मिलचा तांदूळ घेऊन कानपूरकडे गेला. बाहेरून कोणीतरी सांगत आलं, मारणारे तिचेच शिपाई होते, शीख.

माना वळल्या. टी.व्ही.कडे पाठ करून गाव दाराकडे पाहत होतं.

१ नोव्हेंबर

मंडई रद्द. योग्यच.

सकाळपासून टी.व्ही. सुरू. देह दर्शनाला ठेवलाय. माणसांची रीघ. मधूनमधून गर्दी ओरडते, रक्त मागते. तेवढं मात्र मुंग्यांमधूनही स्पष्ट ऐकू येतं. दर वेळी बैठकीत कोणीतरी हळूच बलजीतकडे पाहतं.

दु. सीतारामजी मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावून म्हणाले, "वहिनी, तिले घरी जाऊ द्या. लोकं तापले आहेत. काही झालं तर आमच्यावर बोल नोका ठेवू." कापडाचं दुकान, यांचे शाळेपासूनचे दोस्त, गावच्या पंचांत. माणूस वाईट नाही. गर्दी जिकडे जाईल तिकडे आधीच जाऊन उभा राहतो, एवढंच.

मी काही बोलायच्या आत बैठकीतून कोणी म्हणालं, पगडीवाल्याइचा भरोसाच नाही. मी बाहेर आले. पडद्यावर देहाजवळ राष्ट्रपती उभे होते. पांढरी पगडी, पांढरी दाढी. मी बोट दाखवून विचारलं, यांनाही उठवायचं का तिथून? कोण जातं दिल्लीला सांगायला?

मग मी बलजीतला दारातून उठवून माझ्या शेजारी, वेताच्या खुर्चीवर बसवलं. ती नको नको म्हणत होती. तिला बहुतेक माझीच भीती वाटत होती.

"बलजीत इथेच बसेल," मी म्हटलं. "ज्याला चालत नाही त्याने रेडिओ ऐकावा."

चौघे-पाचजण उठून गेले. सीतारामजी बसून राहिले, पण पाय हलवत.

२ नोव्हेंबर

करतारचा पत्ता नाही. टी.व्ही.वर कुठे काही सांगत नाहीत, पण भंडाऱ्याहून आलेले लोक सांगतात. दिल्ली, कानपूर. गाड्या अडवतात, पगडी दिसली की खाली ओढतात. पुढचं बायकांसमोर सांगत नाहीत. मी सांगायला लावलं. ऐकलं. बरं झालं ऐकलं. टी.व्ही. जे दाखवतो तेवढंच घडतं असं समजून बसले होते मी.

बलजीतला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. माझ्याकडे पाहून कळलं असेल.

रात्री हे म्हणाले, "तू कायले मधात पडतेस? मले या गावात धंदा करायचा आहे." मी म्हटलं, करतारलाही करायचाच होता. तुमचाच माल घेऊन गेला आहे तो. हे कूस बदलून झोपले. झोपले नव्हते.

३ नोव्हेंबर, शनिवार

अंत्ययात्रा. आज मंडईचा दिवस. घर पाहुण्यांनी भरायचं ते गावाने भरलं. परवा उठून गेलेलेही मान खाली घालून परत आले. टी.व्ही. दुसरीकडे नाही, काय करतील.

सकाळपासून चूल पेटवली नाही. कोणी सांगितलं नव्हतं. नलिनीने लहान मुलांना चिवडा दिला, तोच, मंडईचा.

तोफगाडा, फुलं, मुलाचा चेहरा. बायका उघड रडत होत्या. गोपिकाबाई तर आपली जाऊ गेल्यासारखी. शेजारची गोपिकाबाई, तलावाखाली धानाचं शेत, दोन बांध्या. डोळ्यांत मोतीबिंदू, पण टी.व्ही.ला नाक लावून बसते. बलजीतही रडत होती. ती कोणासाठी रडत होती ते मला माहीत आहे. दोघांसाठी रडता येतं.

चिता पेटायच्या आधी गर्दीवरून कॅमेरा फिरला. गोपिकाबाई एकदम उठली.

"थो पाय, थो पाय तुझा माणूस. फेटा बांधून उभा हाय. रडून राहिला बाप्पा."

बलजीत धावली. पडद्यावर हात ठेवला. तोवर चित्र बदललं. मी काहीही पाहिलं नाही. मुंग्यांत फेटा असलाच तर तो कोणाचाही असेल. पण बलजीत हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. "तुम्ही पाहिलं ना बाई?" म्हणून विचारलं.

मी खोटं बोलत नाही. "नाही," म्हटलं. गोपिकाबाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखाद्या पोराच्या हातून घास काढून घेतला.

४ नोव्हेंबर

गोपिकाबाईने बलजीतचं मन राखायला म्हटलं होतं. किंवा तिला खरंच दिसला, कोण जाणे. काल दिवेलागणीपर्यंत बाजारात गोष्ट पोचली: सरदार टी.व्ही.वर दिसला. आज सकाळी तिचं झालं: सरदार दिल्लीतच आहे. दु. पर्यंत: आमचा तांदूळ कानपूरला नेतो सांगून दिल्लीला कायले गेला होता?

गावाने टी.व्ही.वर पाहिलं आहे. आता कोणाला काय समजवायचं.

गोपिकाबाईला बोलावून विचारलं. हट्टाने म्हणते, दिसला तर दिसला, म्या चांगल्यासाठीच म्हनलं. मी म्हटलं, मग बाजारात जाऊन सांग की मोतीबिंदू आहे. तर रुसून गेली.

५ नोव्हेंबर

गॅरेजच्या दारावर रात्री डांबर फासलं. शिवी लिहिली आहे. शुद्धलेखन चुकलेलं.

नलिनीला घेतलं, घासलेट घेतलं, चिंध्या घेतल्या, भर बाजाराच्या वेळी गेलो. मुद्दाम. सीतारामजींच्या दुकानासमोरच गॅरेज. ते आत कापड मोजत राहिले. एकच ठाण पुन्हा पुन्हा मोजत होते. नलिनी घाबरली होती, पण तिचा हात माझ्यापेक्षा जोरात चालला. पोरीबद्दल माझं मत सुधारलं. तिला सांगितलं नाही.

डांबर पूर्ण गेलं नाही. शिवी गेली.

६ नोव्हेंबर

टी.व्ही. लावला. बैठकीत मी, नलिनी, बलजीत, पम्मी. बाकी जागाच जागा. हे मिलवर.

इतक्या मोठ्या बैठकीची मला सवय नाही. तरी बंद केला नाही.

८ नोव्हेंबर

कार्तिकी पौर्णिमा. आज शिखांच्या गुरूंचा जन्मदिवस असतो. दरवर्षी बलजीत शिरा करून आणते, सगळ्या आळीला वाटते. आज केला, आणि फक्त आमच्याकडे आणला. मी म्हटलं, बाकी घरं? म्हणाली, "कोणी घेतला नाही तर, बाई? मग तो मला घरी न्यावा लागेल."

तिच्याबरोबर गेले. आळीत बहुतेकांनी घेतला. एकीने दार उघडलंच नाही, आत भांड्यांचा आवाज चालू होता. गोपिकाबाईने घेतला आणि माझ्याशी बोलली नाही.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

पंचांनी ठरवलं, दिल्लीच्या बाईचं आपण गावाने करायचं. आज दहावा. माणसं ट्रॅक्टरवर बसून पवनीला गेली, वैनगंगेवर केस दिले. यांनीही दिले. मी काही म्हटलं नाही. डोकं चांगलं गोल आहे, इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

सोमवारी तेरवी, गावजेवण. नेहमीची रीत: प्रत्येक घरातून पायलीभर तांदूळ. गरीब असो, श्रीमंत असो, पायलीच. सगळा मारुतीच्या ओट्यावर एका ढिगात. मग तो कोणाचा राहत नाही, गावाचा होतो. कोणाच्या घरचा नाही घेतला तर त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आज गोळा करणारे बलजीतच्या दारावरून पुढे गेले. पम्मी पायली घेऊन उभी होती.

१० नोव्हेंबर

पोस्टातून निरोप, ट्रंक कॉल आहे, बलजीतला घेऊन या. पळत गेलो. या वयात मी पळते हे पोस्टमास्तरांनी पाहिलं.

करतार.

जिवंत आहे. कानपूरला पोचलाच नव्हता. कटनीच्या पुढे गाडी अडवली. एका डाळमिलवाल्याने गोदामात लपवलं, अजून तिथेच. ट्रकचं त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बलजीत रडली, त्यांच्या भाषेत बोलली, मग रिसीव्हर मला दिला.

लाईनीत खरखर. त्याचा आवाज कोणा म्हाताऱ्यासारखा.

"बाई, गावाले येऊ का? तुम्ही खोटं नाही बोलत म्हणून तुम्हाले विचारून राहिलो."

कॉलेजात वादविवादाला उभी राहायची मी, सगळ्या मुलांत एकटी. आज मुदत मागितली. म्हटलं, मंगळवारी याच वेळी फोन कर. सांगते.

घरी येऊन यांना सांगितलं. तांदळाचं विचारतील असं वाटलं होतं. हे फक्त म्हणाले, "जिवंत आहे ना?" आणि डोक्यावरून हात फिरवला, केस नसलेल्या.

सं. सीतारामजींकडे गेले. करतार दिल्लीत नव्हता, कटनीला लपून बसला आहे हे सांगितलं. म्हणाले, असेल, पण लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे वहिनी. म्हटलं, बरं, तांदळाचं एक घर राहिलं.

"राहिलं नाही," म्हणाले. "सोडलं."

म्हटलं, मग दोन सोडा. आमचाही तांदूळ परत करा. तर म्हणाले, तो आता ढिगात गेला, कसा निवडणार.

रस्ताभर मी त्याच वाक्याचा विचार करत आले.

११ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बलजीतकडे गेले. म्हटलं, पायली भर. ती म्हणाली, तुम्ही नेऊन टाका बाई, तुम्हाला कोणी अडवणार नाही. तेच तर नको होतं. तिचं घर, तिची पायली. मी फक्त बरोबर चालणार.

हे ओसरीवर पेपर वाचत होते. कुठे निघालो ते त्यांना कळलं. अडवलं नाही.

मारुतीच्या ओट्यावर ताडपत्री, तिच्यावर ढीग, भोवती बायका तांदूळ निवडायला बसलेल्या. गोपिकाबाई मधोमध. आम्ही चढू लागलो तशी सुपं थांबली. शेवटच्या पायरीवर बलजीतची पायली कलली, थोडा तांदूळ सांडला. मग तिने पदर सावरला, पुढे झाली आणि ढिगाच्या अगदी मध्यावर ओतला. वरून खाली घरंगळला. एवढ्यात झालं सगळं.

कोणीतरी सांगायला पळालं. सीतारामजी दुकानातून आले, गळ्यात मोजपट्टी तशीच. ओट्यावर चढले नाहीत. खालूनच म्हणाले, "काढा थे तांदूळ."

मी तोंड उघडणार होते. माझं भाषण तयार होतं, चांगलं होतं. पण गोपिकाबाईने सुपातून मूठभर तांदूळ घेतला, त्यांच्यापुढे धरला.

"कोणता काढू? दाखवून दे. मले तर मोतीबिंदू हाय."

बायका हसल्या. सीतारामजी ओट्याखाली तसेच उभे. ढीग फेकायचा तर गावाची तेरवी फेकायची. घरोघर परत करायचा तर कोणाच्या घरी बलजीतचे दाणे जातील कोण सांगणार. निघून गेले. आणखी काही माणसं त्यांच्यामागे गेली. मी मोजली नाहीत, पण कोण कोण ते पाहून ठेवलं.

बलजीत बायकांत बसली आणि तांदूळ निवडू लागली. तिच्या एका बाजूची दूर सरकून बसली. दुसऱ्या बाजूची नाही.

१२ नोव्हेंबर, सोमवार

तेरवी. ओट्यावर हार घातलेला फोटो. ज्या बाईशी मी उभ्या आयुष्यात सहमत नव्हते तिच्यापुढे हात जोडले. तिच्या नावाने तिकडे जे चाललं आहे ते तिला पसंत पडलं असतं का, हे तिला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं.

पंगत. जवळपास निम्मं गाव बसलं. निम्मं बलजीतला पाहून उभ्या-उभ्या नमस्कार करून गेलं. मी तिच्या शेजारी. वाढणारा पोळी घेऊन आला, मला वाढायला वाकला, तिची पत्रावळ ओलांडून. मी माझ्या पत्रावळीवर हात ठेवला. तो उभा. मी हात काढला नाही. मागची पंगत थांबली, माना लांब झाल्या. मग वाकला आणि तिला वाढलं. मग हात काढला.

पुढे भाताची बादली घेऊन हे आले. तिला वाढलं, पम्मीला वाढलं, "अजून घे" म्हणाले. मला वाढायचं विसरून पुढे गेले. मुंडण केलेल्या माणसावर ओरडायचं नाही म्हणून गप्प राहिले.

सीतारामजी आले नाहीत. त्यांच्या बायकोने द्रोणभर भात मागून नेला. कोणासाठी, ते विचारलं नाही.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

पोस्टात वेळेआधी जाऊन बसले. रात्रीपासून वाक्य जुळवत होते. फोन आला तेव्हा सगळं बाजूला ठेवून जे आहे ते सांगितलं.

अर्धं गाव तुझ्या घरच्या तांदळाचा भात जेवलं. अर्धं न जेवता गेलं. गॅरेजच्या दारावर डांबर फासलं होतं, डाग अजून आहेत. तू दिल्लीत होतास असं लोक म्हणतात, अजून म्हणतील. एवढ्यावर यायचं असेल तर ये.

पोस्टमास्तर मान खाली घालून शिक्के मारत होते, शिक्का शाईत न बुडवता.

मग करतार म्हणाला, डाळमिलवाला सांगतो, केस कापून जा, दाढी काढून जा, रस्त्यात बरं पडेल. काय करू बाई?

म्हटलं, रस्त्यात जीव वाचवायला जे करावं लागेल ते कर, त्यात कमीपणा नाही. ते तू ठरव. पण गावात चोरासारखा येऊ नको. अंधारात येऊ नको, शेतातून येऊ नको. भंडाऱ्याहून सकाळच्या बसमध्ये बस, भर बाजारात उतर. मी स्टँडवर असेन.

तो "आलो" म्हणाला की "पाहतो" म्हणाला ते खरखरीत कळलं नाही. लाईन तुटली. पुन्हा लागली नाही. कधी निघणार तेही कळलं नाही.

तेव्हा उद्यापासून रोज सकाळची बस. स्टँड सीतारामजींच्या दुकानापासून दिसतो, हरकत नाही. यांना सांगितलं की सकाळचा चहा नलिनी देईल. हे म्हणाले, "छत्री ने. ऊन चटकते तिथं."

बलजीत आत्ताच येऊन गेली. पम्मीला कोणता फ्रॉक घालू विचारत होती. जाताना दारात थांबली. उद्या तिथे कोणी काही बोललं तर, बाई?

म्हटलं, बोलू दे ना. मी त्यासाठीच तर चालले आहे.